मॉर्मन पंथ : नेतृत्व, श्रद्धा आणि सदस्यत्व

अमेरिकेत १९व्या शतकात उदयाला आलेला, ख्रिस्ती परंपरेतील एक पंथ. त्याच्या मुख्य चर्चचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असून मुख्यालय यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये, असे चर्च २०१८ पासून आवर्जून सांगते. लोकांच्या तोंडी मात्र तेच बसले आहे. पगारी पुरोहितवर्ग नाही, तरीही वरपासून खालपर्यंत घट्ट बांधलेली उतरंड, हे या पंथाचे खरे वैशिष्ट्य. त्याच्या श्रद्धा आणि सदस्यत्वाचे नियम समजतात तेही या रचनेतून पाहिले तरच.

संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) हा न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा भागातला शेतकऱ्याचा मुलगा. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्र्यांवरचा मजकूर आपण दैवी साहाय्याने भाषांतरित केला, असे त्याचे म्हणणे होते. हा ‘बुक ऑफ मॉर्मन’ १८३० मध्ये छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली. प्राचीन काळी इस्राएलातून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा आणि त्यांना पुनरुत्थानानंतर भेटलेल्या येशूचा वृत्तान्त त्यात आहे. त्याला इतिहास वा पुरातत्त्वाचा आधार पंथाबाहेरचे अभ्यासक मानत नाहीत. शेजाऱ्यांशी खटके उडत गेले. मिझुरीच्या गव्हर्नरने १८३८ मध्ये मॉर्मनांना राज्याबाहेर हाकलण्याचा, नाहीतर त्यांचा नायनाट करण्याचा लेखी हुकूमच काढला. १८४४ मध्ये इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ व त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. वारसाच्या वादात बहुसंख्य अनुयायी पंथातला ज्येष्ठ नेता ब्रिगम यंग याच्या मागे गेले आणि जुलै १८४७ मध्ये त्यांची पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली.

तो वाद पुन्हा उद्भवू नये याची सोय चर्चने पुढे पक्की केली. सर्वोच्च स्थानी अध्यक्ष असतो. त्याला संदेष्टा मानतात, म्हणजे देव आजही त्याच्याशी बोलतो अशी श्रद्धा आहे. तो आणि त्याचे सल्लागार, सामान्यतः दोन, मिळून ‘प्रथम अध्यक्षमंडळ’ होते. त्याखाली, येशूच्या बारा शिष्यांच्या धर्तीवर, बारा प्रेषितांचे मंडळ. अध्यक्ष वारला की सर्वांत ज्येष्ठ प्रेषित त्याच्या जागी येतो, आणि ही ज्येष्ठता वयावर ठरत नाही, मंडळातल्या प्रवेशक्रमावर ठरते. थोडक्यात, देवाचा प्रवक्ता सेवाज्येष्ठतेने नेमला जातो! प्रेषितपद तहहयात असल्याने अध्यक्ष होईपर्यंत माणूस बहुधा जख्ख म्हातारा झालेला असतो. हृदयशल्यविशारद रसेल नेल्सन २०१८ मध्ये ९३व्या वर्षी अध्यक्ष झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १०१व्या वर्षी वारले; त्यांच्यामागून आलेले डॅलिन ओक्स हे यूटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्तीही ९३ वर्षांचेच होते. या पद्धतीत गादीसाठी मारामारी होत नाही, पण बदलाला दशके लागतात. साक्षात्कार झाल्याचे जाहीर झाले की मात्र जुना नियम एका घोषणेने मागे पडतो. संघराज्य सरकारने कायद्याने गळा आवळल्यावर १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडल्याचे जाहीर झाले (प्रत्यक्षात ते थांबायला आणखी काही वर्षे गेली), आणि कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, देण्यावरची बंदी १९७८ मध्ये उठली. विरोधकांना ही सोयीस्कर दैवी वाणी वाटते, तर ‘जिवंत संदेष्टा हवा तो यासाठीच’ असे श्रद्धावंत म्हणतात.

स्थानिक पातळीवर चित्र अगदी निराळे आहे. काही शे सदस्यांचा एक ‘वॉर्ड’, अनेक वॉर्डांचा मिळून ‘स्टेक’. वॉर्डचा प्रमुख बिशप आठवडाभर दातांचा दवाखाना किंवा विम्याचे काम करतो आणि संध्याकाळी, रविवारी चर्च सांभाळतो. सुमारे पाच वर्षांनी तो पुन्हा बाकावर येऊन बसतो आणि शेजारच्या बाकावरचा कुणी बिशप होतो. वरचे काही पूर्णवेळ अधिकारी सोडले तर कुणाला मानधन नाही. पदासाठी अर्ज नाही, निवडणूक नाही, बोलावणे येते. मग सभेत नाव वाचले जाते आणि सगळे उजवा हात वर करून पाठिंबा दर्शवतात. विरोधाचा हातही विचारला जातो, तो क्वचितच वर होतो. ऑर्गन वाजवणे, लहान मुलांना शिकवणे, खुर्च्या मांडणे असे काही ना काही काम जवळजवळ प्रत्येकाकडे असते. इतक्या माणसांना कामाला लावणारी धर्मसंस्था विरळाच. पण याची दुसरी बाजू अशी, की व्यभिचारापासून व्यसनापर्यंतच्या कबुल्या ऐकणारा बिशप त्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेला नसतो.

रविवारच्या प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीत, ही व्यवस्था डोळ्यांना दिसते. सोळा-सतरा वर्षांची मुले मेजामागे पावाचे तुकडे करतात, त्यांतला एक गुडघे टेकून ठरलेली प्रार्थना म्हणतो. शब्द चुकला की बिशप खूण करतो आणि मुलगा पुन्हा म्हणतो. मग बारा-तेरा वर्षांची पोरे तबके घेऊन बाकांमधून फिरतात. पावानंतर द्राक्षारस नाही, छोट्या पेल्यांतून साधे पाणी. हे याजकपद मुलग्यांना साधारण बाराव्या वर्षापासून मिळते, स्त्रियांना कधीच नाही. स्त्रियांची ‘रिलीफ सोसायटी’ १८४२ मध्ये सुरू झाली आणि तिचे काम मोठे आहे, पण निर्णयाच्या किल्ल्या पुरुषांकडे. याजकपदासाठी मोहीम उभारणाऱ्या केट केली यांना २०१४ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. पैशाचा कारभारही वरच्या वर्तुळातच राहतो. गुंतवणुकीची माहिती नियमानुसार उघड न केल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०२३ मध्ये चर्च व त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलर दंड केला.

श्रद्धांच्या बाबतीत मॉर्मन स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण पारंपरिक त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही कल्पना मानत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे असून पित्याला हाडामांसाचा देह आहे, अशी त्यांची धारणा आहे. मनुष्याचा आत्मा जन्मापूर्वीही होता. मृत्यूनंतर तेजाच्या तीन पायऱ्यांचे लोक आहेत आणि सर्वोच्च पायरीवर माणूस देवासारखा होऊ शकतो. म्हणूनच रोमन कॅथलिक चर्चने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी धर्मदीक्षा) वैध नसल्याचे ठरवले. खास विधींसाठी राखलेल्या मंदिरात ‘मुद्रांकित’ झालेला विवाह मरणानंतरही टिकतो. पूर्वजांनाही तारण मिळावे म्हणून जिवंत माणसे त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घेतात. नंतर तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्यावर सोपवलेले असते. यासाठी नावे लागतात, आणि त्यातून जगातील वंशावळींचा सर्वांत मोठा संग्रह उभा राहिला. त्याच्या लाखो सूक्ष्मपटांच्या (मायक्रोफिल्मच्या) गुंडाळ्या सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात जपल्या आहेत. नाझी संहारात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे या विधीत वापरल्यावरून संताप उसळला आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचे मान्य करावे लागले.

सदस्य होण्यासाठी आठ वर्षे पूर्ण हवीत आणि पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यावा लागतो. त्यानंतरची खरी कसोटी मंदिरप्रवेशाची. वॉर्डच्या सभागृहात कुणीही जावे, मंदिरात फक्त परवाना असलेल्याने. तो मिळवण्यासाठी दर दोन वर्षांनी बिशप व स्टेक अध्यक्षांपुढे ठरलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात : संदेष्ट्यावर श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दशमांश देता का, ब्रह्मचर्य व पातिव्रत्याचे नियम पाळता का, आरोग्यनियम पाळता का. या आरोग्यनियमात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत. नुसत्या गवती चहाच्या काढ्याला हरकत नाही, त्यात चहापूड पडली की संपले! मुलगा वा मुलगी लग्नासाठी मंदिरात गेली आणि आईवडिलांकडे परवाना नसला, तर ते बाहेर थांबतात. अनेक घरांत हा सल राहून जातो. तरुण पुरुष दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष पदरमोड करून धर्मप्रसाराला जातात.

२०२४ अखेर चर्चने १ कोटी ७५ लाख सदस्य सांगितले. निम्म्याहून अधिक अमेरिकेबाहेरचे. यात वर्षानुवर्षे न फिरकलेलेही धरलेले असतात, कारण राजीनामा, मृत्यू वा कारवाई यांशिवाय नाव सहसा कमी होत नाही. चिले, ब्राझील, मेक्सिको यांच्या जनगणनांत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे चर्चच्या आकड्याहून फार कमी निघाले. फुटून निघालेल्यांपैकी ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ने १९८० च्या दशकात स्त्रियांना याजकपद दिले, तर काही मूलतत्त्ववादी गट आजही बहुपत्नीत्व पाळतात; मुख्य चर्चचा या दोघांशीही संबंध नाही.

भारतात पहिले धर्मप्रसारक १८५१ मध्ये कोलकात्यात आले. स्कॉटलंडचे ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्यातही त्यांनी प्रचार केला. लष्करी छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची वाट अडवली आणि काही वर्षांत ते काम बंद पडले. नव्या पर्वात १९९३ मध्ये बंगळुरूला केंद्र झाले आणि २०१२ मध्ये हैदराबादला देशातील पहिला स्टेक स्थापन झाला. मंदिरातल्या विधींसाठी भारतीय सदस्यांना परदेशी जावे लागे. बंगळुरूच्या मंदिराची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली.