मीट लोफची गाणी एवढी नाटकी का? थोडी मागची गोष्ट

मीट लोफ या अमेरिकन रॉक गायकाची तुझी आवडती गाणी कोणती असं कुणी विचारलं की मला नुसती नावं सांगून सुटता येत नाही. नावं सांगितली, समोरच्यानं ऐकली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, हा माणूस एवढं लांबण का लावतोय अन एवढा जीव तोडून ओरडतोय कशाला. दहा दहा मिनिटांची गाणी, मधेच डायलॉग, मधेच एक बाई येऊन भांडायला लागते, शेवट झाला म्हणून आपण उठावं तर परत सुरू. तर याचं कारण असंय की ही गाणी रॉक अल्बमसाठी म्हणून सुचलेलीच नाहीत. लिहिणारा नाटकवाला, गाणारा नाटकातला नट, अन त्यातली काही तर सरळ एका नाटकासाठीच लिहिलेली. हे माहीत असलं की मग ती लांबण वाटत नाहीत, प्रवेश वाटतात.

माणसाचं खरं नाव मार्विन ली अडे, जन्म १९४७, टेक्सासमधलं डॅलस. अंगानं आडवातिडवा, त्यावरून टोपणनाव पडलं म्हणतात पण तो स्वतःच त्याच्या दरवेळी वेगळ्या गोष्टी सांगायचा, त्यामुळं तिकडं जास्त लक्ष द्यायचं कारण नाही. महत्त्वाचं हे की बँडवाला म्हणून सुरुवात केली तरी पोटापाण्याला लागला तो म्युझिकल नाटकांत, 'हेअर'मध्ये होता, मग 'रॉकी हॉरर शो' लॉस एंजेलिसमध्ये लागलं त्यात दोन भूमिका केल्या, अन १९७५ला त्याचा सिनेमा आला त्यात तो एडी नावाचं पात्र. डीप फ्रीझर फोडून मोटारसायकलवर बाहेर येतो, एक दणदणीत गाणं म्हणतो, अन गाणं संपतं न संपतं तोवर मारला जातो. पाच-सात मिनिटांचं काम पण लोक अजून तेवढंच बघतात.

आता दुसरा माणूस, जिम स्टाइनमन, अन माझ्या मते खरी चावी याच्याकडंच आहे. हाही १९४७चाच, न्यूयॉर्कचा. कॉलेजात असताना १९६९ला यानं स्वतः एक म्युझिकल लिहून उभं केलं, ते बघून न्यूयॉर्कचा मोठा निर्माता जोसेफ पॅप याच्यावर खूश झाला अन याला आपल्याकडं घेतलं. याला एकीकडं जर्मन संगीतकार वॅग्नरचे ऑपेरा आवडायचे, ते तासन् तास चालणारे, देव राक्षस आग सगळं असलेले, अन दुसरीकडं जुनी अमेरिकन पोरापोरींची गाणी, ज्यात हिरो गाडी ठोकून मरतो अन पोरगी रडते. या दोन गोष्टी एकत्र कालवायचं खूळ याच्या डोक्यात आयुष्यभर राहिलं. १९७३ला पॅपच्या थेटरात स्टाइनमनचं 'मोर दॅन यू डिझर्व्ह' नावाचं नाटक बसत होतं, त्याच्या ऑडिशनला मीट लोफ आला, गायला, अन जोडी जमली ती जमली.

स्टाइनमनचं स्वप्नातलं नाटक होतं 'नेव्हरलँड'. पीटर पॅनची गोष्ट, पण भविष्यातल्या एका पडक्या शहरात, अन त्यात कधीच मोठी न होणारी पोरं. १९७७ला वॉशिंग्टनला त्याची वर्कशॉप पण झाली. नाटक काही पुढं गेलं नाही, पण त्यातली तीन गाणी यांना नाटकापेक्षा मोठी वाटायला लागली, 'बॅट आउट ऑफ हेल', 'हेवन कॅन वेट' अन एक जे पुढं 'ऑल रेव्हड अप विथ नो प्लेस टू गो' झालं. त्याच्याभोवती बाकीची रचून अल्बम करायचा असं ठरलं.

आणि मग रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवणं. हे दोघं डेमो टेप पाठवायचे नाहीत, स्वतः जायचे, स्टाइनमन पियानोवर, मीट लोफ समोर उभा राहून पूर्ण ताकदीनं, सोबत एलन फोली नावाची गायिका, अन ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेल्या साहेबाच्या तोंडावर अख्खा प्रवेश करून दाखवायचे. विचार करा त्या साहेबाची काय अवस्था होत असेल. एकामागून एक सगळ्यांनी नाही म्हणलं. क्लाइव्ह डेव्हिससारख्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाजलेल्या साहेबानं तर स्टाइनमनला गाणं कसं लिहितात ते तुला कळत नाही, रॉक ऐकत जा जरा, अशा अर्थाचं सुनावलं हा किस्सा दोघंही नंतर रंगवून सांगायचे.

हो म्हणणारा भेटला टॉड रंडग्रेन, स्वतः गायक अन गिटारवाला. त्याला हे ऐकून हसू आलं, त्याला वाटलं की ही ब्रूस स्प्रिंगस्टीन या रॉकस्टारची मस्त खिल्ली आहे, आणि खिल्ली म्हणूनच तो निर्माता व्हायला तयार झाला. गंमत म्हणजे रेकॉर्डिंगला पियानोवर रॉय बिटन अन ड्रमवर मॅक्स वाइनबर्ग, दोघंही खुद्द स्प्रिंगस्टीनच्या बँडमधले! शेवटी क्लीव्हलँड इंटरनॅशनल नावाच्या छोट्या कंपनीनं ऑक्टोबर १९७७मध्ये अल्बम काढला. सुरुवातीला फार कुणी विचारलं नाही. मग १९७८ला बीबीसीच्या 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट'मध्ये शीर्षकगीताची फिल्म दाखवली अन लोकांनी अशी मागणी केली की पुढच्या आठवड्यात परत दाखवावी लागली. एका अर्थानं वन्स मोअरच तो, फक्त टीव्हीवर. ब्रिटनच्या यादीत हा अल्बम पहिल्या नंबरावर तेव्हा गेला नाही पण उतरायलाच तयार नाही, सगळे मिळून ५००हून जास्त आठवडे, अन जगभरात खप ४ कोटींच्या पुढं सांगतात.

तर आता गाणी. पहिलं अर्थात 'बॅट आउट ऑफ हेल'. स्टाइनमनला ते जुनं गाडी-ठोकून-मरायचं गाणं एवढं मोठं करायचं होतं की परत कुणी त्या वाटेला जायला नको. जवळपास दहा मिनिटं, त्यात दोनेक मिनिटं नुसती नांदी, पियानो अन गिटार धावतायत अन गायक अजून आलाच नाही. मधे मोटारसायकलचा आवाज आहे. स्टाइनमनचा हट्ट होता की खरी मोटारसायकल आणून रेकॉर्ड करा, रंडग्रेननं गिटार उचलली अन गिटारवरच ती गाडी किक मारून, गिअर टाकून, रेज करून दाखवली. हे मला फार नंतर कळलं, तोपर्यंत माझी खात्री होती की खरीच गाडी आहे. आमच्या सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मौत का कुआँ लागतो ना, वरच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की खालनं गाडी भिंतीवर चढत येते, फळ्या हलायला लागतात अन आवाज आधी पायात येतो मग कानात, अगदी तसाच हा आवाज येतो. हेडफोनवर नका ऐकू, चांगल्या स्पीकरवर ऐका, शेजारी जानेवारीआधीच जत्रा आली म्हणतील.

दुसरं 'पॅरडाइज बाय द डॅशबोर्ड लाइट'. हे गाणं नाहीच, तीन अंकी फार्स आहे. पहिल्या अंकात पोरगा-पोरगी गाडीत, दिव्याच्या मिणमिण उजेडात, प्रकरण पुढं पुढं चाललंय. ते किती पुढं गेलं हे सांगायला स्टाइनमननं बेसबॉलची कॉमेंट्री घातली, अन तीही कुणा मिमिक्रीवाल्याची नाही, फिल रिझुटोची, तिकडचा नावाजलेला खेळाडू अन कॉमेंटेटर. म्हणजे आपल्याकडं अशा प्रसंगाला साक्षात बाळ ज. पंडितांना बोलवून, चेंडू सीमारेषेकडं, फलंदाज दुसऱ्या धावेसाठी निघालाय, असं वदवून घेतल्यासारखं! आपण काय बोलतोय ते कशासाठी वापरणार हे रिझुटोला माहीत होतं की नव्हतं यावर नंतर बरीच चर्चा झाली. मग दुसऱ्या अंकात पोरगी ब्रेक मारते, थांब, आधी सांग जन्मभर साथ देणार का, अन हा म्हणतो उद्या सकाळी सांगतो. तिसऱ्या अंकात शपथ घेऊन बसलाय जगाच्या अंतापर्यंत साथ द्यायची, अन आता रोज प्रार्थना करतोय की जगाचा अंत लवकर येऊ दे. हे ऐकून जो नवरा हसत नाही तो खोटं बोलतोय.

यात रेकॉर्डवर बाईचा आवाज एलन फोलीचा आहे पण व्हिडिओत अन दौऱ्यावर दिसते ती कार्ला डिव्हिटो. पुढं १९९३लाही तसंच झालं, ते येईलच.

तिसरं 'टू आउट ऑफ थ्री एन्ट बॅड', शांत गाणं. याच्यामागची गोष्ट मला जास्त आवडते. मिमी केनेडी नावाची अभिनेत्री, त्या १९७३च्या नाटकातली, ती स्टाइनमनला म्हणली की तुझं सगळंच काय गुंतागुंतीचं, साधं काहीतरी लिही की, रेडिओवर एल्व्हिसचं लागलंय तसं, तू हवीस, तुझी गरज आहे, प्रेम आहे. हा बसला साधं लिहायला. पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या अन तिसरीला हात आखडला, तू हवीस, तुझी गरज आहे, पण प्रेम काही माझ्यानं व्हायचं नाही, तीनातल्या दोन मिळाल्या ना, मग रडू नको. साधं लिहायला गेला तरी वळण आलंच. अमेरिकेत या अल्बममधलं हेच गाणं सगळ्यात वर गेलं, ११व्या नंबरापर्यंत.

इथून पुढं उतरती कळा. दौऱ्यावर मीट लोफ रोज तसाच जीव तोडून गायचा, ओटावाला स्टेजवरनं पडून पाय मोडला तर व्हीलचेअरवरनं शो केले, अन शेवटी आवाज गेला. स्टाइनमन पुढच्या अल्बमची गाणी तयार करून बसलेला, वाट बघून बघून १९८१ला त्यानं 'बॅड फॉर गुड' स्वतःच्याच आवाजात काढला, अन लेखकानं स्वतः काम केल्यावर होतं ते झालं. त्याच वर्षी मीट लोफचाही 'डेड रिंगर' आला, त्यात शेर या गायिकेबरोबरचं एक भन्नाट ड्युएट आहे. मग पैशावरनं कोर्टकचेऱ्या, १९८३ला मीट लोफ दिवाळखोर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या यादीत पहिलं बॉनी टायलरचं 'टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट' अन दुसरं एअर सप्लायचं 'मेकिंग लव्ह आउट ऑफ नथिंग ॲट ऑल', दोन्ही स्टाइनमनची! मीट लोफ म्हणायचा ती माझ्यासाठीची होती. खरंखोटं त्या दोघांना ठाऊक, पण त्याच्या आवाजात कल्पना करून बघा, बसतात.

चौथं, ज्यानं आपल्याकडं बहुतेकांना हा माणूस पहिल्यांदा भेटला, 'आय'ड डू एनिथिंग फॉर लव्ह', १९९३. 'बॅट आउट ऑफ हेल' अल्बमच्या दुसऱ्या भागातलं, तोवर दोघांची दिलजमाई झालेली. सोलापुरात तेव्हा गल्लीगल्लीत केबल आलेली, एमटीव्ही दिसायचा तोही मुंग्यांसकट, अन त्यात हा व्हिडिओ, राक्षसी तोंडाचा माणूस, मोटारसायकल, हेलिकॉप्टर, झुंबरं, मेणबत्त्या. दिग्दर्शक मायकल बे, तेव्हा सिनेमात आलाही नव्हता. आमच्यात निम्मी पोरं म्हणायची हॉरर पिक्चर लागलाय बे. अल्बमवर हे गाणं बारा मिनिटांचं, रेडिओला कापून पाचच्या आसपास आणलं, अन कापताना नेमका जीवच कापला असं माझं मत आहे. २८ देशांत पहिल्या नंबरावर, ग्रॅमी पण मिळालं. अन लोक तेव्हापासून एकच विचारतात, प्रेमासाठी काहीही करीन पण 'ते' करणार नाही, ते म्हणजे काय? अरे गाण्यातच सांगितलंय की! शेवटाला बाई येते अन एकेक भाकीत करते, तू हे सगळं विसरशील, तू बाहेर भानगडी करशील, अन हा प्रत्येक वेळी म्हणतो ते मी करणार नाही.  तो बाईचा आवाज लॉरेन क्रॉस्बीचा, नुसता नमुना म्हणून गायलेला अन इतका जमला की तोच ठेवला, अल्बमवर तिचं नाव 'मिसेस लाउड' असं, अन व्हिडिओत ओठ हलवणारी तिसरीच, डॅना पॅट्रिक.

मला वाटतं आपल्या लोकांना याचं एवढं परकं वाटायला नको. १८८०ला किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासनं आपल्याकडं पात्रं बोलता बोलता गायला लागली, बालगंधर्वांच्या पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर घेत नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तेव्हा कुणी घड्याळ दाखवून पद लांबलं म्हणलं नाही. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं बघत मोठा झालेला माणूस तर हे ऐकून लगेच ओळखतो की इथं पडदा उघडला, इथं दिवे गेले, इथं नटानं टाळीसाठी जागा सोडली. मीट लोफ स्वतः म्हणायचाच की मी गाणं म्हणत नाही, त्यातलं पात्र करतो. तो कडक कॉलरचा झालरीचा शर्ट अन हातातला लाल रुमाल, तो पण वेशभूषेचाच भाग.

पाचवं 'इट्स ऑल कमिंग बॅक टू मी नाऊ', यावर मात्र माझं दोघांशीही पटत नाही. स्टाइनमनला वाटायचं हे बाईचंच गाणं, १९८९ला त्यानं ते बायकांच्या ग्रुपकडनं गाऊन घेतलं, १९९६ला सेलीन डिऑननं ते घरोघरी नेलं, मीट लोफ बरीच वर्षं मागत होता अन शेवटी २००६ला तिसऱ्या भागात मेरियन रेवनबरोबर ड्युएट केलं. ड्युएटमुळं दोघांवर वाटून हलकं झालं. सेलीनचंच ऐका.

तो तिसरा भाग स्टाइनमनच्या हाताखाली झालाच नाही, नावाच्या हक्कावरनं परत कोर्ट झालं अन निर्माता डेस्मंड चाइल्ड होता. आवाजही थकलेला. एकदा ऐकला, परत लावावासा वाटला नाही.

आणि 'नेव्हरलँड'चं काय झालं? ते शेवटी उभं राहिलं. २०१७ला मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसला 'बॅट आउट ऑफ हेल, द म्युझिकल' लागलं, पुढं लंडनला आलं, तेच पडकं शहर, तीच मोठी न होणारी पोरं, अन चाळीस वर्षं अल्बममध्ये फिरून आलेली गाणी परत आपापल्या पात्रांच्या तोंडी. स्टाइनमन एप्रिल २०२१मध्ये गेला, मीट लोफ जानेवारी २०२२मध्ये, म्हणजे ते उभं राहिलं तेव्हा दोघंही हयात होते. मी त्याचं रेकॉर्डिंग ऐकलंय. पोरं सुरेल आहेत, तयारीची आहेत, चुकत कुठंच नाहीत, पण ऑफिसात साहेबाच्या तोंडावर उभं राहून गाणाऱ्या त्या आडव्या माणसाचा घाम त्यात नाही, म्हणून मी अजून १९७७चंच लावतो.