पुरवठादारांच्या गोपनीयता-व्यवहाराची तुलना

पुरवठादारांच्या गोपनीयता-व्यवहाराची तुलना : पगारपत्रके, कॉल सेंटर, क्लाउड साठवण यांसारखी कामे बाहेर देताना, ती घेणारी कंपनी (पुरवठादार) वैयक्तिक माहिती कशी हाताळते हे त्याच व्यवसायातील इतर कंपन्यांशी ताडून पाहण्याची पद्धत. लेखापरीक्षणात कंपनी मानकाशी ताडली जाते. येथे बरोबरीच्या कंपन्यांशी.

अशा तुलनेचे मूळ सहसा झेरॉक्स कंपनीने १९७९ च्या सुमारास जपानी स्पर्धकांशी केलेल्या तुलनेत शोधतात. परंतु तिचा रोख उत्पादनखर्चावर होता. गोपनीयतेपुरते पाहता अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची (ग्राहकहित व व्यापारी स्पर्धा पाहणारी सरकारी संस्था) १९९८ ची पाहणी अधिक जवळची ठरते. तीत १,४०० हून अधिक संकेतस्थळे तपासली गेली. बहुसंख्य स्थळे वैयक्तिक माहिती घेत होती, पण व्यापारी नमुन्यातील केवळ १४ टक्के स्थळांवर त्याबाबत काही सूचना होती आणि सविस्तर धोरण सुमारे २ टक्क्यांवर. मात्र धोरण छापले आहे की नाही एवढेच त्यात मोजले गेले, पाळले जाते की नाही हे नव्हे. ही उणीव नंतरच्या बहुतेक तुलना-तक्त्यांत राहिली.

निकषांवर निकाल किती अवलंबून असतो, याचे उदाहरण गूगलचे. प्रायव्हसी इंटरनॅशनल या गोपनीयता-हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २००७ च्या क्रमवारीत ही कंपनी तळाच्या श्रेणीत होती. रँकिंग डिजिटल राइट्स या कंपन्यांचे डिजिटल हक्कांबाबत मूल्यमापन करणाऱ्या प्रकल्पाच्या २०१५ च्या पहिल्या निर्देशांकात १६ कंपन्यांत ती अव्वल आली (त्यांत भारती एअरटेलही होती). २०१५ च्या या निर्देशांकात अभिव्यक्तिस्वातंत्र्यही मोजले होते आणि जाहीर केलेल्या धोरणांना वजन होते, त्यामुळे दोन्ही निकाल एकाच मापाने वाचता येत नाहीत.

खरेदी विभागात काम प्रश्नावलीवर चालते : उपकंत्राटदार कोण, करार संपल्यावर माहिती कधी पुसणार, गळती झाल्यास कधी कळवणार. शेवटच्या प्रश्नाला एक पुरवठादार ‘विनाविलंब’ लिहितो, दुसरा ‘४८ तासांत’. तक्त्यात दोघांपुढे ‘होय’ पडते. करारातील मूळ कलम शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक दिसत नाही.

युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमावलीतील (जीडीपीआर) कलम २८ नुसार, पुरेशी हमी देणाऱ्या प्रक्रियादारालाच (दुसऱ्याच्या वतीने माहिती हाताळणाऱ्यालाच) काम देता येते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने पुरवठादाराच्या चुकीची जबाबदारीही काम देणाऱ्या संस्थेवर ठेवली असून सुरक्षाव्यवस्थेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.