डेल्टिक: बोटीतून रुळांवर आलेलं यंत्र

मराठीत गाडी ओढणाऱ्या धुडालाही इंजिन म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या यंत्रालाही. ब्रिटनच्या डेल्टिक या रेल्वे इंजिनाबद्दल बोलताना हा घोळ चालत नाही, कारण सगळी कथा पोटातल्या यंत्राचीच आहे.

ते घडवलं नेपियर कंपनीनं, नौदलाच्या वेगवान गस्ती बोटींसाठी. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या धावण्यानं फिरणारे दांडे, तीन बाजूंना सिलिंडरांच्या रांगा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावून येणारे दोन पिस्टन. सिलिंडर १८, पिस्टन ३६. आकार डेल्टा (Δ) हे ग्रीक अक्षर उलटं धरल्यासारखा, म्हणून हे नाव. पिस्टनांचा ताळमेळ काही केल्या जमेना. शेवटी एक क्रँकशाफ्ट उलटा फिरवायची युक्ती नौदलातल्या हर्बर्ट पेनवार्डन या आरेखकाला सुचली.

अशी दोन यंत्रं बसवून इंग्लिश इलेक्ट्रिकनं १९५५ मध्ये पदरमोड करून फिकट निळा नमुना रुळांवर आणला. ताकद ३,३०० अश्वशक्ती, वजन शंभर टनांच्या आसपास. याच कंपनीचं १९५८ चं क्लास ४० हे डिझेल १३३ टनांचं असून २,००० अश्वशक्तीवरच थांबलं होतं, यावरून काय ते समजावं. ब्रिटिश रेल्वेनं २२ डेल्टिक घेतली आणि १९६१-६२ मध्ये त्यांच्या जोरावर वाफेची ५५ इंजिनं मोडीत काढायचं ठरवलं. ताशी १६० किलोमीटर वेगाची ही इंजिनं आल्यावर १९६२ मध्ये लंडन ते एडिंबरा हे सुमारे ६३० किलोमीटर अंतर सहा तासांवर आलं.

इतक्या थोड्या इंजिनांवर एवढा भार, म्हणजे त्यांना उसंत नाही. यंत्र बिघडलं की शेडमध्ये ते जागेवर खोलत बसायचं नाही. उचलून बाहेर काढायचं आणि तयार ठेवलेलं दुसरं बसवायचं. वाटेत एक बंद पडलंच, तर दुसऱ्यावर गाडी रखडत का होईना, पोचायची. सोय झकास, पण खर्चिक. १९७८ मध्ये या मार्गावर हायस्पीड ट्रेन आल्या आणि २ जानेवारी १९८२ ला डेल्टिकची शेवटची फेरी झाली.

चाहत्यांची जतनसंस्था मात्र १९७७ मध्येच उभी राहिली होती. २२ पैकी सहा वाचली, शिवाय मूळ नमुनाही. सांगाडा रंगवून ठेवणं त्या मानानं सोपं. खरी कसोटी ३६ पिस्टन फिरते ठेवण्यात. यंत्र रिकामं धडधडत राहिलं की धुराड्याखालच्या पिंपात तेल साचतं. मग गाडी सुटताना निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कधी ज्वाळाही. नवख्याला वाटतं आग लागली. चाहते त्याच क्षणासाठी कॅमेरे रोखून उभे असतात.

१९९६ मध्ये वाचलेल्यांपैकी ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’ नावाचं डेल्टिक पुन्हा मुख्य मार्गावर प्रवासी घेऊन धावलं. नेपियरनं ही यंत्रं घडवणं केव्हाच थांबवलेलं. पुढे त्यात जे यंत्र बसवलं, ते नॉर्वेच्या नौदलाच्या गस्ती बोटीतून काढलेलं होतं.