अलिंद विकंपन : नाशिकमधील तज्ज्ञोपचार व औषधे

अलिंद विकंपन हा हृदयाची लय बिघडण्याचा, दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारांतील सर्वाधिक आढळणारा विकार. दवाखान्यात त्याला ‘एएफ’ म्हणतात. घरात ‘ठोके चुकतात’. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत विद्युत संकेत उठतात आणि अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यांतले थोडेच पोचतात, तेही अनियमित. म्हणून मनगटाची नाडी ठेका हरवल्यासारखी लागते. धडधड, दम, थकवा ही लक्षणे. काहींना यातले काहीच होत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या ईसीजीत विकार अचानक सापडतो.

खरी भीती धडधडीची नाही. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो. उपचारांच्या त्यामुळे दोन स्वतंत्र बाजू आहेत. ठोक्यांसाठी मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिजॉक्सिन किंवा लय पूर्ववत आणणारे अमिओडेरोन. गुठळीसाठी वेगळे औषध. पहिल्या बाजूचा गुण रुग्णाला जाणवतो, दुसरीचा कधीच जाणवत नाही. बरे वाटू लागले की नेमकी तीच गोळी बंद होते.

मराठीतला ‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्दप्रयोग या गोंधळात भर घालतो. रक्त पातळ कोणतीच गोळी करत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट या बारीक पेशी एकमेकींना चिकटू देत नाहीत. अँजिओप्लास्टीनंतर त्यांचा उपयोग मोठा. अलिंदातल्या गुठळीला मात्र रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करणारे औषध लागते, आणि ते काम ॲस्पिरिनवर भागत नाही. दोन्ही गोळ्यांना एकच नाव असल्याने ‘माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ असे सांगणाऱ्याकडे प्रत्यक्षात काय आहे, हे पाकीट पाहूनच कळते.

गुठळी रोखणारी गोळी कोणाला द्यायची हे गुणांवर ठरते. हृदय दुर्बल असणे, रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ६५ ते ७४ वय यांना प्रत्येकी १ गुण. पंचाहत्तरी गाठलेल्यांना आणि आधी पक्षाघात झालेल्यांना २. स्त्री असण्याचा १ गुण युरोपीय हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये वगळला. २ गुण झाले की औषध सुरू करण्याची शिफारस आहे.

जुनी औषधे वॉरफेरिन आणि ॲसिनोकौमरॉल. त्यांच्यासाठी आयएनआर ही रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारी चाचणी वारंवार करून आकडा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. पालेभाज्यांनी हा आकडा बदलतो, तरी मेथी-पालक बंद करायची गरज नसते, रोजचे प्रमाण सारखे हवे. नाशिक शहरात ही चाचणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते. पेठ-सुरगाण्याकडच्या रुग्णाची त्यासाठी एसटीने ये-जा आणि एक मजुरी बुडते. डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. रिव्हरोक्साबान जेवणासोबत घ्यावी, डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडू नये. मात्रा मूत्रपिंडावर अवलंबून असल्याने त्याचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासतात. एपिक्साबानची मात्रा ५ वरून २.५ मिलिग्रॅम करायला वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक यांपैकी दोन गोष्टी हव्यात. ‘म्हातारे आहेत, अर्धीच देऊ’ हे कारण पुरत नाही.

एक अपवाद आपल्याकडे महत्त्वाचा. लहानपणच्या संधिवाती तापाने झडप आकुंचित झालेले रुग्ण भारतात अजून बरेच आहेत. अशा रुग्णांवरील इन्व्हिक्टस चाचणीत (२०२२) रिव्हरोक्साबानपेक्षा जुनी औषधेच सरस ठरली. धातूची कृत्रिम झडप असल्यासही नव्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून झडपा दाखवणारी टू-डी इको ही हृदयाची सोनोग्राफी आधी, गोळीची निवड नंतर.

सुरुवात एमडी फिजिशियनकडे होते. पुढे डीएम हृदयरोगतज्ज्ञ. नाशिकमध्ये शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे, शिवाय खासगी रुग्णालये आहेत. औषधांनी लय टिकत नसेल तर फुप्फुसशिरांभोवतीची उती डागून संकेत रोखणारे ॲब्लेशन करतात. ते इलेक्ट्रोफिजिऑलॉजीचे, म्हणजे हृदयाच्या विद्युत संकेतांच्या उपशाखेचे काम, सरसकट प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाचे नव्हे; त्यासाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठणारेही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे; दरमहाच्या गोळ्यांचा खर्च बहुधा घरातूनच होतो. जेनेरिक गोळ्यांनी तो बराच हलका होतो.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेले डायक्लोफेनॅक गुठळी रोखणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवते. दारूनेही विकंपन उफाळते. द्राक्षांच्या आणि वाइनच्या जिल्ह्यात हे सांगणे थोडे अप्रिय खरे. दात काढण्यापूर्वी गोळी स्वतःहून थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे. वॉरफेरिनचा परिणाम ओसरायला चार-पाच दिवस लागतात; नव्या गोळ्यांचा मात्र मूत्रपिंड ठीक असेल तर एक-दोन दिवसांतच जातो, त्यामुळे त्यांचे पाकीट संपण्याआधी दुसरे घरात असावे लागते.