मुख्य वित्त अधिकारी, फ्लोरिडा

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या तिजोरीचा रखवालदार आणि विमाधारकांच्या तक्रारींची दखल घेणारा लोकनिर्वाचित अधिकारी. राज्यावरील देणी तपासून मंजूर करणे आणि राज्याचा पैसा व रोखे सांभाळणे ही त्याची घटनादत्त कामे. विमा ग्राहकांचे संरक्षण, अग्निसुरक्षा, बेवारस ठेवी, विमा एजंटांचे परवाने, इतकेच काय अंत्यविधी व्यावसायिकांवरील देखरेखही त्याच्या वित्तीय सेवा विभागाकडे आहे. एका पदाखाली इतकी विजोड कामे का आली, याचे उत्तर इतिहासात आहे.

पूर्वी ही कामे दोन निर्वाचित अधिकाऱ्यांत वाटलेली होती. लेखानियंत्रक हिशेब व बँका पाही. खजिनदार हाच विमा आयुक्त आणि राज्याचा अग्निशमन प्रमुखही असे. १९९८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून गव्हर्नरसोबतचे सहा जणांचे मंत्रिमंडळ तिघांवर आणले आणि ही दोन पदे एकत्र केली. नवे पद जानेवारी २००३ पासून अस्तित्वात आले. आधीचे खजिनदार टॉम गॅलाघर हे पहिले मुख्य वित्त अधिकारी झाले. त्यांच्यानंतर ॲलेक्स सिंक, जेफ ॲटवॉटर आणि जिमी पट्रोनिस यांनी हे पद सांभाळले. २०२५ मध्ये पट्रोनिस संसदेवर निवडून गेले. पद काही महिने रिकामे राहिल्यावर गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी जुलैमध्ये ब्लेझ इंगोलिया यांना नेमले.

मुदत चार वर्षांची असते आणि सलग दोनपेक्षा जास्त मुदती मिळत नाहीत. महाराष्ट्रातील वाचकाने येथे अर्थमंत्री डोळ्यांसमोर आणू नये. अर्थमंत्र्याला मुख्यमंत्री निवडतो. फ्लोरिडाच्या या अधिकाऱ्याला गव्हर्नर एरवी नेमू शकत नाही आणि राजकीय मतभेदासाठी घरीही पाठवू शकत नाही. तो अर्थसंकल्प मांडत नाही. कर गोळा करणे हेही त्याचे काम नाही, त्यासाठी वेगळा महसूल विभाग आहे. आपल्याकडे कोषागार अधिकारी बिले पारित करतो आणि महालेखापाल नंतर तपासणी करतो. त्यांतील पहिल्या कामाशी या पदाचे नाते जवळचे आहे. पैसे सुटण्याआधी देयक तपासणे ही त्याची खरी ताकद होय. खर्च नियमात बसत नसेल किंवा करारात कामाचे स्वरूप स्पष्ट नसेल, तर देयक अडते. राज्याचे करार आता संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

मात्र करदात्यांचा हा राखणदार स्वतःच्या घरात नेहमीच काटकसरी ठरला असे नाही. राज्याची हिशेब संगणकप्रणाली १९८० च्या दशकातली. ती बदलण्यासाठी हाती घेतलेला ‘ॲस्पायर’ हा प्रकल्प मोठा खर्च झाल्यावर २००७ मध्ये गुंडाळावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा धक्का बसला. शहरे, कौंट्या आणि शाळा मंडळे आपला शिलकी पैसा ज्या सामाईक निधीत ठेवत, त्यात गृहकर्ज संकटाने ग्रासलेले रोखे असल्याचे कळताच काही दिवसांत अब्जावधी डॉलर काढून घेतले गेले आणि निधीचे व्यवहार गोठवावे लागले. तो निधी चालवणाऱ्या मंडळाच्या तीन विश्वस्तांपैकी एक म्हणजे मुख्य वित्त अधिकारी. उरलेले दोघे गव्हर्नर आणि महाधिवक्ता.

सामान्य माणसाला हे पद आठवते ते चक्रीवादळानंतर. ऑगस्ट १९९२ मधील ‘अँड्र्यू’ने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला, अनेक विमा कंपन्या बुडाल्या आणि मोठ्या कंपन्यांनी किनाऱ्यावरून काढता पाय घेतला. कोणीच विमा देईना अशांसाठी राज्याने स्वतःची सोय केली. तिचेच २००२ मधील रूप म्हणजे ‘सिटिझन्स’ हे महामंडळ. २०२३ मध्ये त्याच्याकडे सुमारे १४ लाख पॉलिसी होत्या. शेवटचा आसरा म्हणून काढलेली संस्था राज्यातील सर्वांत मोठी गृहविमा कंपनी झाली, यातच त्या वेळच्या खासगी बाजाराची अवस्था दिसते.

दावा अडला की घरमालक विभागाच्या मदतवाहिनीवर फोन करतो. त्याला मध्यस्थीही मागता येते आणि तिचा खर्च विमा कंपनी देते. जमीन खचून घराला तडे जाणे हे चुनखडीच्या या प्रदेशातले नेहमीचे दुखणे. त्या दाव्यांसाठी त्रयस्थ तज्ज्ञाची वेगळी व्यवस्था आहे. घोटाळेबाज शोधायला विभागाचे स्वतःचे सशस्त्र तपास अधिकारी आहेत. अग्निसुरक्षेचे खातेही येथेच असल्याने विम्यासाठी घर पेटवणारा एकाच विभागाच्या दोन्ही हातांत सापडतो.

कंपनीच बुडाली तर न्यायालय विभागाला तिचा अवसायक, म्हणजे कारभार हाती घेऊन तो आवरणारा, नेमते. २०२२ मध्ये सेंट जॉन्स, ॲव्हटार, सदर्न फिडेलिटी, वेस्टन आणि फेडनॅट या कंपन्या एकामागून एक त्या वाटेने गेल्या. थकलेले दावे हमी संस्था ठरावीक मर्यादेपर्यंत भागवते. त्यासाठीचा अधिभार मात्र इतर विमाधारकांच्या बिलात चढतो. संरक्षणाची किंमत शेवटी ग्राहकच देतो.

आणि विम्याचा हप्ता? लोकांचा सर्वांत मोठा राग त्यावर, पण तो मंजूर करणे या अधिकाऱ्याच्या हातात नाही. २००३ च्या फेररचनेत ते काम विमा नियमन कार्यालयाकडे गेले. त्याचा आयुक्त गव्हर्नर व मंत्रिमंडळाच्या आयोगाकडून नेमला जातो. त्या आयोगात मुख्य वित्त अधिकाऱ्याचे मत चारांपैकी एक. ग्राहकांच्या बाजूने हप्तावाढीला हरकत घेणारा विमा-ग्राहक वकील तो नेमतो, पण वकिलाने मांडावे आणि इतरांनी ठरवावे अशी ही रचना आहे. निवडणुकीत हप्ते कमी करण्याची आश्वासने देणारे उमेदवार ही अडचण सहसा सांगत नाहीत.

याउलट, फारसा गाजावाजा नसलेले बेवारस मालमत्तेचे काम लोकांच्या हाती थेट पैसा ठेवते. विसरलेली बँक खाती, न वठवलेले धनादेश, विम्याची रक्कम, लॉकरमधील दागिने साधारणतः काही वर्षे मालक न फिरकल्यास राज्याकडे येतात. वस्तूंचा लिलाव झाला तरी आलेले पैसे मालकाच्या नावे राहतात. दाव्याला मुदत नाही आणि शुल्कही नाही. दरम्यान रक्कम शाळांच्या निधीत वापरली जाते. भारतात दहा वर्षे पडून राहिलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि त्या शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. फ्लोरिडात बँक, विमा, पगार, लॉकर असे सारे एकाच दारात मिळते.

अलीकडे पदाचा राजकीय वापर वाढला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पट्रोनिस यांनी ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीकडील सुमारे २ अब्ज डॉलर काढून घेण्याची घोषणा केली. कंपनी परताव्याऐवजी सामाजिक उद्दिष्टांना महत्त्व देते, असा त्यांचा आक्षेप होता. टीकाकारांच्या मते हेच पैशाचे राजकारण होते. इंगोलिया यांनी कौंट्या व शहरांच्या खर्चावर रोख धरला असून ‘उधळपट्टी’चे आकडे ते सभांमधून जाहीर करतात. हे आकडे कसे काढले, यावर स्थानिक संस्थांनी हरकती घेतल्या आहेत.