जठराचा कॅन्सर: आधी केमो, मग ऑपरेशन का?

दांडिया बाजारातल्या मामांच्या जठरात कॅन्सरची गाठ निघाली आणि मामींनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाठ दिसतेय, तर काढून का टाकत नाहीत? आधी चार केमो कशाला?" बडोद्यात काय, कुठल्याही घरात हेच विचारतील. उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

१८७९ साली पॅरिसमध्ये सर्जन पेआँ यांनी आणि पुढच्या वर्षी पोलिश सर्जन रिडिगियर यांनी जठराचा भाग कापून काढला, पण दोघांचेही रुग्ण दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात सर्जन बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका बाईचं ऑपरेशन केलं. जठराचा खालचा भाग काढून उरलेला आतड्याला जोडला. (त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला.) बाई खाऊपिऊ लागल्या. पण चारेक महिन्यांत आजार उलटला आणि त्या गेल्या. ऑपरेशन जमलं होतं. कॅन्सर मात्र डोळ्यांना दिसत होता त्याच्या पलीकडे पोहोचलेला होता.

पुढची शंभर वर्षं सर्जन ह्याच दुखण्याशी झुंजले. १८९७ मध्ये झुरिकला श्लाटर यांनी अख्खं जठर काढलं. जपानी सर्जननी भोवतीच्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स, जिथे कॅन्सर पसरतो) नेटाने साफ करण्याची पद्धत बसवली. तरी आजार परत येतच राहिला.

मग केमोची, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी, औषधं आली. ती ऑपरेशननंतर द्यायची म्हटलं तर माणूस इतका खंगलेला असतो की पुष्कळांना झेपतच नाहीत. म्हणून ती आधी देऊन पाहिली. २००६ च्या 'मॅजिक' नावाच्या, रुग्णांवर केलेल्या उपचार-चाचणीत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो घेतलेल्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षं जगले. नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी २३ टक्के. केमोच्या गटातही निम्म्याहून कमी जणांना सगळे डोस पूर्ण करता आले, त्यामुळे आधीच्या डोसांचं मोल मला फार वाटतं. २०१९ पासून 'फ्लॉट' हा चार औषधांचा केमो-संच रूढ झाला: दर दोन आठवड्यांनी एक डोस, चार ऑपरेशनआधी, चार नंतर.

अगदी सुरुवातीची, वरच्या थरातली गाठ तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतूनच (एंडोस्कोपीने) काढता येते. तिथे केमो लागत नाही. पसरलेल्या आजारात २०१० पासून गाठीच्या तुकड्यावर हर-टू हे प्रथिन जास्त आहे का ते तपासतात आणि असेल तर त्यावरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध देतात, अलीकडे इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार). म्हणून बायोप्सीचा तुकडा कुठे ठेवलाय, हे घरच्यांनी विचारून ठेवावं.

मामांच्या फाइलीत चौथ्या केमोनंतरचा सीटी स्कॅन लागलाय. मामींनी त्यावर पेन्सिलीने ऑपरेशनची तारीख लिहिली आहे.