सुपाइन की प्रोन? उताण्या-पालथ्याचा घोळ

फर्स्ट एड शिकायला बसलं की सुपाइन आणि प्रोन ही जोडी हमखास येते आणि अर्धा वर्ग तिथेच अडकतो, खरं तर आपल्याकडे दोन्हीला सरळ शब्द आहेत, सुपाइन म्हणजे उताणं आणि प्रोन म्हणजे पालथं. मी पाखडायचं सूप आठवतो, उताणं धरलं तरच त्यात दाणे राहतात. आणि पालथ्या घड्यावर पाणी ठरत नाही हे काय सांगायला हवं का.

आता कधी कुठलं. माणूस कोसळलाय, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर उताणंच, तेही कडक जमिनीवर, गादीवर नको कारण मग छातीऐवजी गादीच दबते. दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगायचं आणि आपण छातीच्या मधोमध दाब द्यायला लागायचं, मिनिटाला 100 ते 120, निदान 5 सेंटीमीटर खोल.

पण तोच माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास मात्र नीट चालू आहे, तर उताणं ठेवणं धोक्याचं, जीभ मागे पडून वाट अडते, उलटी झाली तर श्वासनलिकेत जाते. मग पालथा घालायचा का? अजिबात नाही! त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा वाकवून पुढे, हनुवटी जरा वर, तोंड किंचित जमिनीकडे म्हणजे जे काय येईल ते बाहेर पडेल. हे लॅटरल झालं, प्रोन नव्हे.

प्रोन आपल्याला कळलं ते कोविडमुळे. 2021 च्या लाटेत ऑक्सिजन 94 च्या खाली गेला की पालथं झोपा असं सरकारच सांगत होतं, कारण फुफ्फुसाचा पाठीकडचा दबलेला भाग त्याने मोकळा होतो. पण ते शुद्धीत असलेल्या, स्वतः कूस बदलू शकणाऱ्या पेशंटसाठी होतं, रस्त्यात बेशुद्ध पडलेल्यासाठी नाही.

अजून एक, डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं, आपलं नाही. दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीवर ठेवतात, कारण हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर मणक्याच्या जरा उजवीकडून जाते आणि उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन तिच्यावर येतं. आणि ती उताणी असताना तुम्ही पायाशी उभे असाल तर तिची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला असते.